मुलांचं मानसिक आरोग्य आणि आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र



शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, तो दिवस आठवा. व्हरांड्यात वजनकाटा, भिंतीला उंचीची पट्टी आणि मुलांची लांब रांग. डोळे, दात, कान, त्वचा भराभर तपासून होतं. समजा, त्या रांगेत पाचवीतली एक मुलगी आहे. दोन महिने रोज सकाळी तिचं पोट दुखतंय. तिला गोळी मिळते, पण दुखणं जात नाही. आजचा पाठ तिच्यासाठी आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरचा शुभारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरलाच झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. या कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते: अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब असे त्याचे चार भाग आहेत. किशोरवयीन मुलांना उदास वाटतं का, हेही विचारलं जातं. पण सगळ्या वर्गासमोर, रांगेत विचारलं तर कोणतं मूल 'हो' म्हणेल?

इथल्या मुलांवरचे ताण

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवती चाळींमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली कुटुंबं राहतात. आई-बाबा पाळीवर जातात, घरी मोठी बहीण धाकट्याला सांभाळते. वर्गातली मराठी तिच्या कानाला नवीन असते. जव्हार-मोखाड्याकडे दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलांची शाळा मध्येच सुटते. आश्रमशाळेत लहानगी मुलं घरापासून लांब राहतात. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा लोक रात्री घराबाहेर झोपत होते. त्या भीतीची नोंद वजनकाट्यावर होत नाही.

मन दुखतं, पण मूल सांगतं 'पोट दुखतंय'

लहान मुलांकडे भीती, दुःख यांसाठी शब्द कमी असतात. म्हणून पोटदुखी, डोकेदुखी, अंथरूण ओलं होणं, चिडचिड, गप्प बसणं अशी लक्षणं दिसतात. अर्थात, आधी शरीराची तपासणी हवीच. जंत, रक्तक्षय, उपासमार हीही कारणं असतात.

प्राथमिक केंद्रच का?

मोखाड्याहून पालघर गाठायचं तर जव्हार, विक्रमगड ओलांडायचं. म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. शिवाय 'वेड्यांच्या डॉक्टर'कडे नेलं म्हणून गावात बोलणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र सगळेच जातात, तिथे कुणी बोट दाखवत नाही. आदिवासी व डोंगराळ भागात साधारण 20,000 लोकसंख्येमागे एक केंद्र आणि 3,000 मागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. मानसिक आरोग्यसेवा प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावून घ्यावी, असं मानसिक आरोग्य कायदा 2017 सुद्धा सांगतो.

साखळी कशी जोडायची?

1. शिक्षक: काय दिसलं, कधीपासून, किती वेळा, एवढंच लिहा. 'हिला डिप्रेशन आहे' असं निदान आपण करायचं नाही.
2. आशाताई: घरी सहज जाऊन परिस्थिती समजून घ्यायची.
3. वैद्यकीय अधिकारी: तपासणीनंतर मुलाशी बाजूला, त्याला समजेल अशा भाषेत पाच मिनिटं बोलायचं. वारली बोलणारी एखादी ताई सोबत असली तर उत्तम; मात्र ऐकलेलं गुप्त राहिलं पाहिजे.
4. पुढची पाठवणी: गरज असेल तर जिल्हा पातळीवर पाठवायचं, आणि मूल तिथे पोहोचलं का, हे आठवड्याने विचारायचं. बहुतेक वेळा साखळी इथेच तुटते.

लक्षात ठेवा

मूल 'जगायचं नाही' म्हणालं, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना बोलावून डॉक्टरकडे न्या. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. मूल संकटात असेल तर 1098. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे.

समारोप

त्या मुलीला गोळी देणारे चुकले नाहीत, पण 'घरी सगळं ठीक आहे ना, बाळा?' हे विचारायचं राहून गेलं. पथक वर्षातून एकदा येतं. आपण रोज हजेरी घेतो.

स्वाध्याय: आपल्या वर्गात वारंवार पोट किंवा डोकं दुखणारी मुलं किती? गेल्या महिन्यात त्यांच्यापैकी किती जणांशी आपण एकट्याने बोललो?