कोळंबीला शेवाळाची ‘लस’ देता येते का?

प्रश्न : आमचा कोळंबीचा तलाव आहे. खाद्यात समुद्री शेवाळाची पूड मिसळली की कोळंबीला लस टोचल्यासारखंच होतं, मग पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येत नाही, असं विक्रेता सांगतो. हे खरं का?

उत्तर : शेवाळाचा परिणाम होतो हे खरं, पण त्याला लस म्हणता येणार नाही. लस दिली की आपलं शरीर एका ठरावीक जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि तो जंतू लक्षात ठेवतं. कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडं बनतच नाहीत. तिची सगळी भिस्त जन्मजात प्रतिकारशक्तीवर.

मग शेवाळ काय करतं? तपकिरी शेवाळात लॅमिनारिन नावाची साखरेची लांब साखळी असते. ती बीटा-ग्लुकन या वर्गातली. बुरशीच्या पेशीभित्तिकेतही याच वर्गातली साखळी असते, आणि कोळंबीच्या रक्तातली काही प्रथिनं ती नेमकी ओळखतात. त्यामुळे समोर शेवाळ असलं तरी शरीर बुरशी आल्यासारखं सावध होतं. रक्तपेशी जंतू गिळायला सरसावतात आणि फिनॉलऑक्सिडेज हे विकर जागं होऊन मेलॅनिन तयार होतं. जखमेच्या जागी कोळंबी काळी पडते, ती या मेलॅनिनमुळेच. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात केनेथ सॉडरहॉल यांनी कोळंबीच्या नात्यातल्या क्रेफिशवर आयुष्यभर काम करून ही प्रक्रिया उलगडली.

स्पिरुलिनालाही सरसकट शेवाळ म्हणतात. प्रत्यक्षात तो जिवाणू आहे, त्याची पेशीभित्तिकाही जिवाणूचीच. कोळंबीचं शरीर तीही ओळखतं, पण वेगळ्या खुणेवरून. म्हणून एका पुडीचा अनुभव दुसरीला लावू नये.

आता सर्वांत मोठा गैरसमज: थोडं दिल्यानं फायदा, तर रोज दिल्यानं जास्त फायदा. शरीराला सतत सावध ठेवायला ऊर्जा लागते, आणि ती वाढीतून वजा होते. ग्लुकनच्या प्रयोगांत तर रोज देण्यापेक्षा मधूनमधून दिल्यानं संरक्षण जास्त मिळाल्याचं दिसलं आहे.

पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू १९९०च्या दशकात भारतात आला. तो तलावात शिरतो बाधित बीजातून, पाण्यातून, खेकड्यांबरोबर. सावध झालेली कोळंबी थोडी जास्त तग धरेल, पण विषाणूचा मोठा मारा तिला पेलणार नाही. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर आधी पीसीआर चाचणी झालेलं बीज घ्या, बांधाला खेकडे अडवणारं कुंपण घाला. शेवाळाच्या पुडीचा विचार त्यानंतर करा.