हातचं राखून

जळगावच्या दाणाबाजारात एका अडत दुकानावर २७ वर्षं हिशेब लिहिणारे एक गृहस्थ आहेत. बाजार त्यांना भाऊ म्हणतो. खरं नाव छापू नका म्हणाले. आकड्याला चुकणारा माणूस अशी ओळख या धंद्यात परवडत नाही. गोणी किती, भाव काय, एवढं कानावर पडलं की कॅल्क्युलेटरकडे हात जायच्या आत त्यांच्या तोंडून रक्कम बाहेर पडायची.

२०२१ च्या जुलैत एका सकाळी ते साधी बेरीज करत होते. एकंचा रकाना झाला, खाली ३ मांडला आणि हातचा किती ते आठवेना. पुन्हा वरून सुरुवात, पुन्हा तिथेच अडलं. मापाडी चहा घेऊन समोर उभा. भाऊ त्याला एवढंच म्हणाले, "माले काहीच सुधरत नही रे."

कोरोना त्यांना एप्रिलमध्ये होऊन गेला होता. जळगावकरांच्या मनात या रोगाची आठवण म्हणजे २०२० चा मे-जून. जिल्ह्यातल्या मृत्यूंचं प्रमाण तेव्हा देशभर गाजलं होतं. त्या मानाने भाऊंचं काहीच नव्हतं. चार दिवस ताप, वास गेला, घरातच बरे झाले. त्यामुळे तक्रार करायचीही त्यांना लाज वाटे. वाचलो हेच खूप, त्यात अशक्तपणाचं काय कौतुक?

मग गावात चारचौघं करतात तेच त्यांनी केलं. सलाईन लावून घेतली. दोन दिवस तरतरी वाटली, तिसऱ्या दिवशी होते तिथेच. एका डॉक्टरांनी अंगात आळस भरलाय म्हणून रोज मेहरूण तलावावर फिरायला सांगितलं. भाऊ नेमाने गेले आणि आठवडाभरात अंथरुणाला खिळले. बरं वाटलं की तलाव, तलावानंतर अंथरूण.

दिवाळीनंतर धुळ्याला मेहुण्याच्या घरी लग्न निघालं. एरंडोल, पारोळा करत बसने गेले. पाव्हणे म्हणून हळदीत नाचावं लागलं, नाचलेही. रात्री थकवा असा नाहीच. "बायकोला म्हटलं, सुटलो बघ." परतल्यावर दुसऱ्या दिवशी मात्र ताटातला घास उचलताना हात जड झाला, घरातल्यांचं बोलणं नुसता कालवा वाटू लागलं. पुढचे तीन आठवडे खाटेवर गेले.

गोम इथे आहे. दणका श्रमाच्या वेळी बसत नाही, बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी बसतो. म्हणून कशाने बिघडलं ते माणसाला उमगत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये श्रमानंतरचं हे कोसळणंच दीर्घकालीन थकव्याच्या आजाराची मुख्य खूण मानलं. या आजारात व्यायाम हळूहळू वाढवत नेण्याचा उपचार करू नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं. भाऊ तेव्हा तलावाला चकरा मारत होते.

भाऊंचा एमआरआय नॉर्मल आला आणि घरात कुजबुज झाली, मग हे नाटकच. पण मार्च २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यात ७८५ जणांच्या मेंदूची दोनदा चित्रं घेतलेली होती. मधल्या काळात ४०१ जणांना कोरोना झाला, बहुतेकांना सौम्य. या मंडळींचा मेंदू इतरांपेक्षा सरासरी ०.२ ते २ टक्के जास्त आक्रसलेला आढळला, विशेषतः वासाशी जोडलेल्या भागांत. आकडे-अक्षरं क्रमाने जोडण्याच्या चाचणीतही ते मागे पडले. शेकडो माणसांच्या सरासरीत दिसणारा हा फरक एका माणसाच्या फिल्मवर दिसेलच असं नाही. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे सोंग, हा निष्कर्ष म्हणूनच फसवा.

शेवटी धुळ्याच्याच एका फिजिशियननी नीट ऐकून घेतलं. आधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ तपासलं, क्षयरोग नाही ना ते पाहिलं. थकव्याची ही रोजची कारणं वगळल्याशिवाय सगळं कोरोनाच्या नावावर टाकणं चूकच. मग झोपवून आणि दहा मिनिटं उभं करून नाडी मोजली. उभं राहिल्यावर ती ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढलेली राहिली, तर उपचाराची दिशा बदलते. आणि बजावलं, छातीत दुखलं, धाप लागली, शुद्ध हरपली किंवा एक बाजू लुळी पडली, तर त्याला थकवा समजून घरी बसायचं नाही.

उरलेलं औषध भाऊंच्या धंद्यातलंच निघालं. जुनी खतावणी घेऊन त्यांनी रोजचा जमाखर्च मांडला: डावीकडे केलेलं काम, उजवीकडे त्या दिवसाची, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाची तब्येत. महिनाभरात दिसलं की दाढी-अंघोळ आणि जिना एकाच सकाळी जमत नाहीत. तेव्हापासून अंघोळ स्टुलावर बसून, अवघड हिशेब अकराच्या आत, दुपारी अंधाऱ्या खोलीत अर्धा तास, फोन बाहेर. दमण्याच्या आधी थांबायचं, हेच त्यांना सर्वांत जड गेलं. हातचं राखून काम करणारा बाजारात कामचुकार ठरतो, आणि इथे तर डॉक्टरच तसं वागायला सांगत होते.

शेजारपाजारचे आता त्यांच्याकडे येतात. कुणाला चिकनगुनियानंतर सहा महिने सांधे धरलेले, कुणाला डेंग्यूनंतर उभं राहवत नाही. भाऊ औषध सांगत नाहीत, खतावणी दाखवतात, आणि सोबत आलेल्या नातेवाइकाला बाजूला घेऊन म्हणतात, याला महिनाभर 'उठ, हालचाल कर' म्हणू नका.

बेरीज आता ते कॅल्क्युलेटरवर करतात, तीही दोनदा. परवा धुळ्याहून मेहुण्याचा फोन आला, दुसऱ्या पोरीचं जमलंय. भाऊंनी खतावणी उघडली, लग्नाच्या मागचे-पुढचे दोन-दोन दिवस कोरे ठेवले आणि सांगितलं, "हळदीला नाही येत. लग्न लागायला येतो. पंख्याखाली एक खुर्ची धरून ठेवा."