केशरेषेसाठी दुसरे केशरोपण : सल्ला देताना विचारात घ्यावयाच्या बाबी

खालित्याचा रुग्ण पूर्वी आपल्याकडे केशतैल व नस्य यांच्या अपेक्षेने येत असे. अलीकडे एकदा केशरोपण करून घेतलेला रुग्णही येऊ लागला आहे. त्याची तक्रार निराळी असते. मागून पुढे लावलेले केस रुजलेले असतात, परंतु कपाळावरील केशरेषा त्यास विरळ, सरळसोट किंवा फार वर गेलेली वाटते, आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी काय हे तो आपणांस विचारतो. शस्त्रक्रिया आपण करीत नसलो तरी या प्रश्नाचे उत्तर टाळणे योग्य नव्हे. कारण शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रात त्यास मिळणारा सल्ला नेहमीच निरपेक्ष असतो असे नाही.

केशरोपणाचे मूळ तत्त्व प्रथम ध्यानात घ्यावे. जपानमधील ओकुदा यांनी १९३९ साली अशा रोपणाचे काम प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ ऑरेन्ट्राइख यांनी १९५९ मध्ये असे दाखवून दिले की, डोक्याच्या मागील भागातून घेतलेला केस पुढे लावला तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाही. म्हणजे लावलेला केस टिकतो. पण त्याच्या शेजारचा मूळचा केस त्याच्या प्रकृतीप्रमाणे गळतच राहतो. पहिल्या रोपणाने खालित्य थांबत नाही, हे रुग्णास बहुधा कोणी स्पष्टपणे सांगितलेले नसते. विसाव्या-पंचविसाव्या वर्षी घाईने बांधलेली सुंदर केशरेषा चाळिशीत पुढे एकटी उभी राहते आणि तिच्यामागे मोकळे मैदान दिसते, ते यामुळेच.

दुसरी बाब साठ्याची. डोक्याच्या मागील व बाजूंच्या कायम टिकणाऱ्या पट्ट्याचे क्षेत्र ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर व घनता दर चौरस सेंटिमीटरला ७५ केशगुच्छ धरली, तर एकूण १५,००० गुच्छ होतात. त्यांपैकी सुमारे ४० टक्के, म्हणजे ६,००० गुच्छ, मागील भाग उघडा न दिसता आयुष्यभरात काढता येतात. व्यक्तिपरत्वे हा आकडा कमी-अधिक होतो, परंतु तो नव्याने वाढत नाही.

समजा, ३४ वर्षांच्या गृहस्थाने पहिल्या वेळी २,२०० गुच्छ वापरले आहेत. शिल्लक ३,८०० राहिले. आता त्यास केशरेषा केवळ एक सेंटिमीटर खाली हवी आहे. रेषेची लांबी १५ सेंटिमीटर व घनता ४० धरल्यास ६०० गुच्छ लागतील. शिल्लक ३,२००. पुढे मध्यभाग व माथा मिळून १५० चौरस सेंटिमीटर क्षेत्र उघडे पडले, तर २५ च्या माफक घनतेनेही ३,७५० गुच्छ लागतात. एका बोटाच्या रुंदीसाठी खर्चिलेला साठा माथ्यावर कमी पडतो, तो असा. वडील व मातुल यांच्या खालित्याची व्याप्ती विचारून हा हिशेब रुग्णासमोर कागदावर मांडावा. तोंडी सांगितलेले त्यास पटत नाही.

केशरेषेतील दोष कोणता, यावरही निर्णय अवलंबून आहे. केवळ विरळपणा असेल तर पहिल्या शस्त्रक्रियेस बारा महिने पूर्ण झाले आहेत काय, हे पाहावे. रोपणानंतर दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे उगवू लागतात आणि पूर्ण स्वरूप वर्षाअखेर कळते. सातव्या महिन्यातील असमाधान हे दुसऱ्या शस्त्रक्रियेचे कारण होऊ शकत नाही. पहिल्याच ओळीत दोन-तीन केसांचे जाड गुच्छ लावल्याने रेषा कृत्रिम दिसत असेल, तर पुढे एकेका केसाचे गुच्छ लावून ती सौम्य करता येते. हे दुसऱ्या रोपणाचे रास्त प्रयोजन होय. मात्र रेषा मुळातच फार खाली घेतली असेल, तर नवी भर घालून उपयोग नाही, काही गुच्छ काढावेच लागतात.

या सर्वांपूर्वी त्वचा पाहावी. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये सांगितलेली संप्राप्ती येथे व्यवहारात उपयोगी पडते : वातासह पित्त रोमकूपात जाऊन केस पाडते, त्यानंतर रक्तासह कफ रोमकूपाचा अवरोध करतो. जेथे बारीक, क्षीण झालेले केस अजून दिसतात तेथे चिकित्सेस वाव आहे. जेथे त्वचा गुळगुळीत व चकचकीत झाली आहे, तेथे तैल-लेपाने केस आणण्याचे आश्वासन कोणी देऊ नये. सान्निपातिक खालित्य वाग्भटांनीही असाध्यच मानले आहे. (सुश्रुतांच्या नासासंधानाचा दाखला देऊन केशरोपणही आपलेच, असे सांगणारी भाषणे ऐकू येतात. त्याची गरज नाही.) रोमकूपाभोवती लाली, कोंड्यासारखी पापुद्रे, दाह किंवा भुवयाही विरळ होणे अशी लक्षणे आढळल्यास व्रणवस्तू निर्माण करणाऱ्या केशनाशाची शंका घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. असा विकार सक्रिय असताना लावलेले गुच्छ वाया जातात.

गळती स्थिर झाल्याखेरीज दुसऱ्या रोपणास संमती देऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रुग्ण फिनास्टेराइड घेत असल्यास औषधविक्रेत्यांनी ते चिठ्ठीशिवाय देऊ नये. त्याने कामेच्छा व मनःस्थिती यांवर परिणाम होऊ शकतो, पीएसए या रक्तचाचणीचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो, आणि गर्भवतीने फुटलेली गोळी हाताळू नये. मिनॉक्सिडिलने प्रारंभी काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते. हे काउंटरवरच सांगितले तर गिऱ्हाईक घाबरून औषध सोडत नाही.

शस्त्रक्रिया कोणाकडून होणार, हेही विचारावे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या सप्टेंबर २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत वैद्यकच हे काम करू शकतो. केवळ कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून मिळविलेले ज्ञान पुरेसे नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केसांचे रोपण करून घेतलेल्या एका व्यावसायिकाचा दोन दिवसांत मृत्यू झाला. दुसऱ्या वेळी 'एकदाच काय ते उरकून टाकू' म्हणणाऱ्या रुग्णास ही घटना अवश्य सांगावी.

निर्णय झालाच, तर आपल्या औषधांची यादी शल्यचिकित्सकास लेखी द्यावी. लसूण, गुग्गुळ व सुंठ यांचे अधिक मात्रेतील योग रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतात, म्हणून ते आठ-दहा दिवस आधी थांबविणे बरे. रोपणानंतर खपल्या पडण्यास सात ते दहा दिवस लागतात. त्या नखाने काढू देऊ नयेत. शिरोभ्यंग, शिरोलेप व शिरोधारा किमान तीन आठवडे वर्ज्य कराव्यात आणि त्यानंतरही शल्यचिकित्सकास विचारूनच सुरू कराव्यात. इंद्रलुप्तात सांगितलेले प्रच्छान व गुंजालेप रोपण केलेल्या भागावर मुळीच करू नयेत.