रात्रीची गोळी, साडेपाच वाजता

सरकारी रुग्णालयातल्या माझ्या टेबलावरून मी ठरलेल्या दिवशी कारागृहातले रुग्ण तपासतो, स्क्रीनवर. कैद्याला बाहेरच्या दवाखान्यात न्यायचं तर पोलीस मुख्यालयातून कैदी पार्टी, म्हणजे सोबत जाणारं पोलीस पथक, मिळावी लागते. सण, निवडणूक, मोर्चा, काहीही निघालं की आधी तीच रद्द. सोनोग्राफीची तारीख पुढे, मग आणखी पुढे. त्यावर व्हिडिओ हा उतारा आहे, वाद नाही. पण त्या खुर्चीत बसल्यावर काही गोष्टी कळल्या.

१. आधी खोली बघायची, मग रुग्ण.
उत्तर देताना त्याची नजर कॅमेऱ्याच्या वर, एका बाजूला जाते. तिथे शिपाई उभा असतो. "झोप लागते का?" "लागते साहेब." "हा वळ कसला?" "बाथरूममध्ये पडलो." आता मी सुरुवातीलाच लॅपटॉप फिरवून खोली दाखवायला सांगतो. शिपायाने दाराबाहेर थांबावं, त्याला दिसेल पण ऐकू येणार नाही असं. बहुतेक जण ऐकतात. कोणी हललाच नाही तर तेही केसपेपरवर लिहितो. मानसिक आजाराची तपासणी मात्र शिपायासमोर करतच नाही.

२. संमती तोंडाने विचारायची.
२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाने स्वतः संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरतात. इथे रुग्ण फोन लावत नाही, त्याला आणून बसवतात.

३. आतलं घड्याळ वेगळं चालतं.
आयुष्यभर चिठ्ठीवर "रात्री झोपताना एक" लिहिलं. कारागृहात संध्याकाळचं जेवण ऊन कलतानाच वाटतात आणि अंधार पडायच्या आत गिनती होऊन बरॅकला टाळं लागतं. औषध कैद्याजवळ ठेवत नाहीत. बहुतेक गोळ्या समोर उभं करून गिळायला लावतात. म्हणजे माझी "रात्रीची" गोळी साडेपाचला पोटात जाते. झोपेच्या गोळीचं एक वेळ चालेल, माणूस लवकर पेंगेल. मधुमेह्याचं काय? एकाच्या अटकेपूर्वीच्या चिठ्ठीत रात्रीच्या जेवणाआधी ग्लिमेपिराइड, ही साखर उतरवणारी गोळी, होती. आत ती संध्याकाळी मिळायची आणि हा गडी भाकरी बरॅकमध्ये नेऊन आठ वाजता खायचा. मधल्या वेळात घाम, थरथर. शेजारच्यांनी कँटीनची बिस्किटं भरवली म्हणून निभावलं. साखरेचे आकडे माझ्यासमोर होते, त्यांतून यातलं काही कळलं नसतं. "जेवता कधी?" एवढं विचारल्यावर सगळं बाहेर आलं. गोळी सकाळच्या न्याहारीला जोडून दिली. इन्सुलिनचंही तेच: सुई बरॅकमध्ये जात नाही, त्यामुळे दवाखान्याचं दार कधी उघडतं ते विचारूनच डोस ठरवायचा.

४. खरूज एकट्याची नसते.
तुरुंगातल्या पिवळट उजेडात बोटांच्या बेचक्यांतले फोड स्क्रीनवर दिसत नाहीत. आवारातल्या उन्हात फोटो काढून आधी पाठवा म्हटलं की काम होतं. ते काम तिकडचे फार्मासिस्ट करतात. पोटावर कुठे दाबायचं हेही आता त्यांना सांगावं लागत नाही. टेक्सासच्या तुरुंगांत १९९४ पासून टेलिमेडिसिन आहे, तिथेही रुग्णाशेजारी हात लावणारं माणूस लागतंच. खरजेचं परमेथ्रिन मलम मात्र एकाला देऊन उपयोग शून्य. चादरीला चादर लागते तिथे अख्ख्या बरॅकला एकाच दिवशी लावायचं, घोंगड्या उन्हात टाकायच्या, आठवड्याने पुन्हा. "कपडे गरम पाण्यात धुवा" असला सल्ला आपल्यापाशीच ठेवावा.

५. कच्च्या कैद्याच्या हाती कागद द्यायचा.
२०२२ अखेर देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. जामीन झाला की माणूस गेला. टीबीचं सहा महिन्यांचं औषध दुसऱ्याच महिन्यात तुटतं. म्हणून निक्षय क्रमांक (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि औषधांची चिठ्ठी पहिल्या दिवसापासून त्याच्या सामानात.

६. व्हिडिओ ही पळवाट होऊ द्यायची नाही.
पूर्वी फाइलवर "गार्ड उपलब्ध नाही" असा शेरा असायचा. आता "व्हिडिओवर दाखवले" असा येतो आणि छातीत दुखणारा माणूस तिथेच राहतो. वरवर सगळं व्यवस्थित! हे मला जुन्या शेऱ्याहून वाईट वाटतं, कारण यात सही माझी असते. टेलिमेडिसिनची तीच मार्गदर्शक तत्त्वं डॉक्टरला कधीही तपासणी थांबवून प्रत्यक्ष बोलावण्याचा अधिकार देतात. मी तो वापरतो आणि "गरज वाटल्यास आणावे" असं कधीच लिहीत नाही. "व्हिडिओवर निदान शक्य नाही, प्रत्यक्ष तपासणी आवश्यक", पुढे तारीख आणि वेळ. असा कागद असला की वकिलाला न्यायालयात अर्ज करायला आधार मिळतो, आणि कैदी पार्टीही लवकर निघते.