वरचा मजला रिकामा धरून घर घ्या

आमचा भाचा गेल्या महिन्यात दुकानात आला आणि म्हणाला, "मामू, एक दुमजली घर बघितलंय. खाली आम्ही राहू, वर भाडेकरू ठेवू. भाड्यातून घर फिटेल ना?" पहिले घर घेणारे अनेक छोटे व्यापारी आणि नोकरदार हाच प्रश्न विचारतात. आमचे उत्तर असे की, घर जरूर घ्या, पण वरचा मजला रिकामाच राहणार आहे असे धरून घ्या. हे शहाणपण आम्हाला ठेच लागून आले.

आमची चूक

२००४ साली आम्ही सोलापुरात असेच घर घेतले. अर्धी रक्कम दुकानाच्या खेळत्या भांडवलातून काढली, अर्धी नातेवाइकांकडून उसनी घेतली. वरच्या भाड्यातून उसने फेडू, असा बेत होता. ओळखीतला भाडेकरू मिळाला, म्हणून लेखी काही केले नाही. चार महिने भाडे आले, मग बंद झाले.

त्या वर्षी दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या. कापडवाल्याला असा सीझन क्वचितच मिळतो. पण आमची भिवंडी-इचलकरंजीची जुनी बिले थकली होती, त्यामुळे नवा माल उधार मिळेना. नेहमीची गिऱ्हाइके अर्धी रिकामी फळी पाहून पुढच्या दुकानात गेली. घर आले, पण बाजारातली पत गेली. ती परत मिळवायला आम्हाला तीन वर्षे लागली.

तिकडे भाडेकरू म्हणू लागला की भाडे १,५०० नव्हे, १,००० ठरले होते. वकिलाने सांगितले, लेखी करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. शेवटी थकबाकी सोडून दिली, तेव्हा जागा मोकळी झाली.

हिशेब कसा करावा

समजा, घर ३० लाखांचे आहे. मुद्रांक शुल्काचा दर शहरागणिक थोडा वेगळा असतो. येथे ६ टक्के धरू, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. वकील, रंग, मोटार, टाकी आणि किरकोळ दुरुस्ती धरली की घर ३३ लाखांना पडते. (महिलेच्या नावावर राहते घर घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांकात १ टक्का सवलत आहे.)

वरचे भाडे ८,००० धरू. बारा महिन्यांचे ९६ हजार होतात, पण भाडेकरू बदलताना जागा रिकामी राहते, म्हणून दहाच महिने मोजा: ८० हजार. त्यातून घरपट्टी ९ हजार आणि दुरुस्ती १२ हजार वजा करा. उरले ५९ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारांपेक्षाही कमी.

मग घरात फायदा कुठे आहे? तो खालच्या मजल्यात आहे. आज तुम्ही स्वतः ८,००० भाडे भरत असाल तर वर्षाचे ९६ हजार वाचतात, आणि ही बचत कोणी बुडवू शकत नाही. दोन्ही मिळून १ लाख ५५ हजार, म्हणजे ३३ लाखांवर शेकडा पावणेपाचच्या आत. धंद्यात वर्षातून तीन-चार वेळा फिरणारा पैसा काढून विटांत घालणे म्हणूनच महाग पडते. घर बचतीतून घ्यावे, मालाच्या पैशातून नव्हे. आपले बरेच वाचक व्याजाचे कर्ज टाळतात. त्यांनी तर हे विशेष पाळावे, कारण त्यांचे भांडवल एकदा अडकले की दुसरा दरवाजा नसतो.

घर पाहताना

जाहिरातीतले 'डुप्लेक्स' म्हणजे बहुधा आतून जिना असलेले एकच घर. ते दोन कुटुंबांना वाटून देता येत नाही. आपल्याला हवे बाहेरून जिना, दोन स्वयंपाकघरे, दोन संडास-बाथरूम आणि दोन वीजमीटर असलेले घर. मीटर एकच असेल तर दर महिन्याला बिलावरून वाद होतो. नळाला रोज पाणी येत नसेल तर टाक्याही वेगळ्या हव्यात. वरच्या बाथरूमखालचे छत नीट पाहा. तेथे ओल असेल तर तुमच्याच डोक्यावर गळणार आहे. शक्य तर पावसाळ्यात एकदा घर पाहावे.

कागद

मिळकत पत्रिका किंवा सातबारा, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि घरपट्टीची पावती एवढे मागाच. वरचा मजला नकाशात आहे का, हे विसरू नका. अनेकदा तो नंतर चढवलेला असतो. जुना भाडेकरू आत असेल तर तो घरासोबत तुमच्याकडे येतो, हे ध्यानात ठेवा. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. दस्ताची मराठी आम्हाला आजही जड जाते. म्हणून वकील स्वतःचा नेमावा, विकणाऱ्याचा नव्हे, आणि सहीपूर्वी दस्त त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. पैसे बँकेतूनच द्यावेत.

भाडेकरू ठेवताना

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार करावा. त्याची मुदत संपूनही जागा सुटली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. भाऊबंद असो की मित्र, करार सर्वांशी करावा. संबंध टिकतात ते त्यामुळेच. डिपॉझिट ही भाडेकरूची अमानत आहे. ती धंद्यात फिरवू नये, बाजूला ठेवावी. भाड्याचे उत्पन्न प्राप्तिकरात दाखवावे. त्यातून भरलेली घरपट्टी आणि उरलेल्याचे ३० टक्के वजा मिळतात.

भाच्याला आम्ही पेन्सिल दिली आणि वरचे भाडे खोडून पुन्हा बेरीज करायला सांगितले. गणित बसेना. तो थोडा नाराज झाला, पण आता दोन वर्षे बचत करून मगच घर पाहायचे, असे त्याने ठरविले आहे. वाचकांनीही बयाणा देण्याआधी ही एक बेरीज करून पाहावी. वरच्या भाड्याशिवाय जे घर पेलते तेच आपले. भाडे आले तर ती बरकत समजावी.