धुराचा परवाना : वायुप्रदूषण आणि संमतिपत्र

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

प्रदूषणाला कन्नडमध्ये 'मालिन्य' म्हणतात. आपल्या राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कन्नड नाव 'कर्नाटक राज्य मालिन्य नियंत्रण मंडळी' असे आहे. मराठी माणसाला 'मालिन्य' म्हटले की मनातले मालिन्य आठवते आणि 'मंडळी' म्हटले की घरची मंडळी! पण या विषयातला एक महत्त्वाचा शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे. कन्नडमध्ये 'सम्मती', मराठीत 'संमती'. कारखान्याच्या धुराड्यातून धूर सोडायचा असेल तर मंडळाची ही संमती आधी घ्यावी लागते.

हा विषय रसायनशास्त्राच्या मुलांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला वाटणे साहजिक आहे. परंतु परवाना, शुल्क, भांडवली खर्च, घसारा आणि दंड हे सारे शब्द आपल्याच पुस्तकांतले आहेत. शिवाय बेळगाव हे फौंड्रींचे गाव आहे. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांत बीड ओतले जाते आणि आपल्या महाविद्यालयातील कितीतरी घरांची चूल त्या भट्ट्यांवर चालते. म्हणून प्रस्तुत लेखात फौंड्रीचे उदाहरण घेऊन हा परवाना समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

कायद्याचा जन्म

१९७२ च्या जून महिन्यात स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. तेथील निर्णय अमलात आणण्यासाठी आपल्या संसदेने १९७४ मध्ये जलप्रदूषणाचा आणि १९८१ मध्ये वायुप्रदूषणाचा कायदा केला. वायु कायदा १६ मे १९८१ पासून लागू झाला. पाण्यासाठी स्थापन झालेली राज्य मंडळेच हवेचेही काम पाहू लागली.

मूळ कायद्यात संमतीची अट फक्त परिशिष्टात नावे दिलेल्या उद्योगांना होती. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना घडली आणि देशाचे डोळे उघडले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. पाठोपाठ १९८७ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट काढून टाकले. वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या भागातील कोणत्याही औद्योगिक प्रकल्पाला संमती आवश्यक झाली. कारखान्याची वीज व पाणी तोडण्याचा किंवा तो बंद करण्याचा आदेश देण्याचा अधिकारही मंडळाला याच दुरुस्तीने मिळाला.

दोन टप्प्यांची संमती

कर्नाटकात उद्योजकांच्या तोंडी 'सीएफई' आणि 'सीएफओ' ही अक्षरे असतात. सीएफई म्हणजे कारखाना उभारण्याची संमती. जागा कोणती, यंत्रे कोणती, इंधन कोणते, धुराडे किती उंच, हे कागदावर असतानाच ती घ्यायची. सीएफओ म्हणजे तो चालविण्याची संमती. उभारणी ठरल्याप्रमाणे झाली आहे असे दिसल्यावर ती मिळते. ही दुसरी संमती पूर्वी ठरावीक मुदतीची असे, आणि मुदत संपली की नूतनीकरण करावे लागे. शुल्क हे सर्वसाधारणपणे उद्योगातील भांडवली गुंतवणुकीवर आकारले जाते. त्यासाठी सनदी लेखापालाचा दाखला लागतो, म्हणजे आपल्यापैकी काहींचे उद्याचे काम येथूनच सुरू होते.

अर्ज आल्यापासून चार महिन्यांत मंडळाने संमती द्यावी किंवा कारणे लिहून नाकारावी, असे १९८१ चा कायदा सांगतो. संमतीला अटी घालता येतात. ठरलेले शुद्धीकरण यंत्र बसवावे, ते चालू स्थितीत ठेवावे, धुराडे ठरल्याप्रमाणे असावे, अशा त्या अटी. अटी मोडल्या तर उद्योजकाचे म्हणणे ऐकून घेऊन संमती रद्द करता येते. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील आहे आणि त्यापुढे २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे.

सर्व उद्योगांना एकच काटा लावून चालत नाही. म्हणून प्रदूषणाच्या शक्यतेनुसार त्यांचे लाल, नारिंगी व हिरवा असे गट पाडले गेले. २०१६ मध्ये त्यांत पांढरा गट आला. लाल गटावर देखरेख सर्वांत कडक, आणि पांढऱ्या गटाला संमतीच्या कटकटीतून सूट, अशी ही उतरंड आहे.

दोन मोजमापे

विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ येथे होतो. हवेसंबंधी दोन वेगळी मानके आहेत. पहिले परिसरातील हवेचे, म्हणजे आपण श्वास घेतो त्या हवेचे. दुसरे उत्सर्जनाचे, म्हणजे धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूचे.

परिसर हवेची सध्याची राष्ट्रीय मानके नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाली. त्यांत बारा प्रदूषके आहेत. दहा मायक्रॉन व त्याहून बारीक धूलिकणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने एका घनमीटरमध्ये १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवे. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या, फुप्फुसात खोल जाणाऱ्या कणांसाठी ही मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे.

आता फौंड्रीकडे पाहू. क्युपोला भट्टीत कोक, कच्चे लोखंड किंवा भंगार आणि चुनखडी यांचे थर वरून टाकतात आणि खालून ब्लोअरने हवा देतात. कोक जळतो, लोखंड वितळून खाली येते, आणि वरून धूर, राख व गंधकाचा वायू निघतो. तासाला तीन टनांहून कमी लोखंड वितळविणाऱ्या क्युपोलाला धूलिकणांची मर्यादा एका घनमीटरला ४५० मिलिग्रॅम, आणि तीन टन व त्याहून मोठ्या भट्टीला १५० मिलिग्रॅम अशी आहे. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीलाही १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. धुराड्याची उंची क्युपोलाच्या व्यासाच्या किमान सहापट हवी.

एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे १५० मिलिग्रॅम हे १,५०,००० मायक्रोग्रॅम झाले. धुराड्याच्या तोंडाशी कायद्याने चालणारी धूळ ही श्वासाच्या हवेतील मर्यादेच्या सुमारे दीडहजारपट असते. दोन्हीकडे कणांचे मोजमाप अगदी सारखे नसले तरी अंदाज यायला हा हिशेब पुरे. मधला सगळा फरक धुराड्याची उंची आणि वारा यांनी भरून काढायचा असतो. वारा पडला, थंडीत सकाळी हवा जमिनीलगत कोंडली, की ही भिस्त लटकी पडते.

येथे एक पळवाट संभवते. धुरात बाहेरची हवा मिसळली की घनमीटरमागे प्रमाण कमी दिसते, सोडलेली घाण मात्र तेवढीच राहते. म्हणून क्युपोलाच्या गंधक वायूची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा '१२ टक्के कार्बन डायऑक्साइड' धरून मोजायची, असा नियम आहे. हवा मिसळली तर कार्बन डायऑक्साइडचेही प्रमाण उतरते आणि चोरी उघडी पडते. दुधात पाणी घातले की लॅक्टोमीटर बोलतो, तसेच हे.

हिशेबाच्या वहीत धूर

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. ओतकामाच्या किमतीत कोक, मजुरी, वीज, व्याज सारे धरलेले असते. शेजारच्या गल्लीतल्या म्हातारीचा खोकला आणि दोरीवर काळे पडलेले कपडे धरलेले नसतात. तो खर्च होतो, पण दुसऱ्याच्या वहीत. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये हा विचार मांडला आणि अशा नुकसानीइतका कर लावावा असे सुचविले. आपल्या कायद्याने करापेक्षा परवान्याचा मार्ग धरला.

लहान उद्योजकाला शुद्धीकरण यंत्र म्हणजे उत्पन्न न देणारा खर्च वाटतो. ही तक्रार अगदीच खोटी नाही, पण पूर्ण खरीही नाही. आयकराच्या नियमांत अशा यंत्रांना घसाऱ्याचा वेगळा दर ठेवला गेला. पूर्वी तो १०० टक्के होता, २०१७ मध्ये ४० टक्के झाला. समजा दहा लाखांचे यंत्र घेतले. घटत्या शिल्लक पद्धतीने ४० टक्क्यांनी तीन वर्षांत ४ लाख, २.४० लाख व १.४४ लाख, एकूण ७.८४ लाख घसारा धरता येतो. साधारण यंत्राच्या १५ टक्के दराने तो तीन वर्षांत सुमारे ३.८६ लाखच होईल. सरकारने करातून उचललेला हा एक वाटा आहे.

दुसरी गोष्ट तंत्राची. साध्या क्युपोलातून बाहेर जाणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणजे न वापरलेली उष्णता वर निघून जाते. टेरी या संस्थेने १९९८ मध्ये हावडा येथील एका फौंड्रीत दोन स्तरांवर हवा देणारी क्युपोला शुद्धीकरण यंत्रासह चालवून दाखविली. तीत कोकची चांगली बचत झाली. धूर म्हणजे न जळलेला पैसा, हे फौंड्रीच्या मालकाला कोणत्याही नोटिशीपेक्षा लवकर पटते.

आग्र्याचा धडा

परवान्याचे काम वेळेवर झाले नाही तर काय होते, हे आग्र्याच्या फौंड्रींनी पाहिले. ताजमहालाचा संगमरवर पिवळा पडत असल्याची याचिका अ‍ॅड. एम. सी. मेहता यांनी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केली. ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. त्या टापूतील २९२ उद्योगांनी कोळसा व कोक सोडून नैसर्गिक वायू घ्यावा, नाहीतर तेथून हलावे, असा आदेश झाला. त्यांत फौंड्री मोठ्या संख्येने होत्या. हलणाऱ्या कारखान्यातील कामगारांची नोकरी अखंड धरावी व त्यांना एक वर्षाचे वेतन स्थलांतर भत्ता म्हणून द्यावे, असेही न्यायालयाने सांगितले.

निकाल योग्यच होता. परंतु वायु कायदा होऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. एकेका धुराड्याची संमती आणि साऱ्या टापूची हवा हे दोन वेगळे हिशेब आहेत. दहा फौंड्री आपापल्या मर्यादेत असूनही त्या वस्तीची हवा मर्यादेबाहेर असू शकते. हे दोन हिशेब वेळोवेळी ताडून पाहिले नाहीत तर शेवटी कोर्टाचा एकच घाव बसतो आणि तो मालकाआधी कामगाराला लागतो.

परवाना, दंड की बाजार?

पूर्वी संमतीच्या नियमभंगाला तुरुंगवासाची शिक्षा होती. पण त्यासाठी फौजदारी खटला भरावा लागे आणि तो वर्षानुवर्षे चाले. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने वायु कायद्यातील अनेक उल्लंघनांसाठी तुरुंगाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला आणि हा बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. वसुली आता लवकर होईल, हा फायदा. मोठ्या उद्योगाला दंड हा खर्चाचाच एक रकाना वाटेल, हा धोका.

तिसरा मार्ग सुरतेने दाखविला. २०१९ मध्ये तेथे धूलिकणांचा बाजार सुरू झाला. तीनशेवर कारखान्यांच्या धुराड्यांवर अखंड मोजणारी यंत्रे बसविली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे सुमारे निम्मे कारखाने बाजारासाठी निवडले. त्यांनी मिळून किती किलो धूळ सोडायची ते ठरवून तेवढे परवाने वाटले. ज्याने धूर कमी केला त्याने उरलेला परवाना विकावा, ज्याला जमले नाही त्याने विकत घ्यावा. दर किलोला पाच रुपयांहून खाली किंवा शंभर रुपयांहून वर जाणार नाही, असे ठरले. ग्रीनस्टोन, पांडे, रायन व सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात बाजारातील कारखान्यांची धूळ इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्के कमी आढळली. यातील खरी गोष्ट बाजार नसून मोजणी आहे, असे मला वाटते. वर्षातून एकदा घेतलेल्या नमुन्यावर बाजार उभा राहत नाही.

परवान्याबाहेरचा माणूस

या कायद्याची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. संमतिपत्र धुराड्याच्या तोंडाशी मोजते. भट्टीसमोर उभा असलेला आणि साच्याची वाळू झाडून ओतीव माल साफ करणारा कामगार कोणती हवा ओढतो, हे ते विचारत नाही. त्या वाळूतील सिलिकाच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने तो नोंद करण्याच्या रोगांत घातला होता. हा विषय पुढे २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेत गेला. गावाची हवा एका खात्याकडे आणि कारखान्याच्या आतली दुसऱ्याकडे! फुप्फुस मात्र एकच आहे.

समारोप

केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हाती घेतला. त्यातील मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आपल्या शेजारची हुबळी-धारवाड, कोल्हापूर व सांगली ही शहरे आहेत. बेळगाव तीत नाही. याचा आनंद मानावा, पण गाफील राहू नये. यादीत नाव लागल्यावर जागे होण्यापेक्षा आधी जागे राहणे स्वस्त पडते, हे आग्र्याने शिकविले आहे.

संमतिपत्र हे बंद कपाटातले कागद नव्हे. साठ दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक न्यायालयात तक्रार करू शकतो, आणि अशा वेळी मंडळाने त्याला संबंधित अहवाल द्यावेत, असे कायद्याच्या ४३ व्या कलमात आहे. आपल्यापैकी काही उद्या हिशेबनीस होतील, काही बँकेत जातील, काही घरची फौंड्री चालवतील. कर्जाची फाइल समोर आली की त्यातील संमतिपत्र नुसते 'जोडले आहे' असे पाहून पुढे जाऊ नये. संमती अजून लागू आहे का, अटी कोणत्या आहेत, यंत्र फक्त बसविले आहे की चालूही आहे, एवढे तीन प्रश्न विचारावेत. कन्नड विभागातील मित्रांनाही हेच तीन प्रश्न त्यांच्या भाषेत विचारता येतील. 'सम्मती' म्हणा की 'संमती', तिच्यावर सही मंडळाची असते आणि श्वास आपला असतो.