ग्रीक पुराणकथेवरील कादंबरी आणि कठीण शब्दांचा पाठ

वरच्या वर्गांत इंग्रजी वाचनाचा पाठ घेताना पुष्कळ ठिकाणी एक क्रम रूढ झालेला दिसतो. कठीण शब्द आधी फळ्यावर लिहिले जातात, त्यांच्यासमोर मराठी अर्थ दिला जातो आणि मुले ती जोडी वहीत उतरवून घोकतात. दुसऱ्या दिवशी अर्थ सांगता येतो, पंधरा दिवसांनी येत नाही. हा मुलांच्या बुद्धीचा दोष नव्हे. शब्द ज्या प्रसंगातून आला त्यापासून तोडला गेला, म्हणून तो स्मरणात रुजत नाही. याहून मोठी हानी अशी की, सावकाश वाचणारे मूल ती लांब यादी पाहूनच ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे मनाशी ठरवते व पुस्तक मिटते.

या दृष्टीने रिक रायर्डन या अमेरिकन लेखकाची ‘द लाइटनिंग थीफ’ ही २००५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी अभ्यासण्याजोगी आहे. रायर्डन हे स्वतः इंग्रजी व इतिहास शिकवणारे शिक्षक होते. त्यांच्या मुलाला अक्षरवाचनाची अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, होती. त्याला ग्रीक कथा सांगता सांगता ही कथा जन्मास आली. तिचा बारा वर्षांचा नायक पर्सी यालाही तीच अडचण आहे. देवराज झ्यूसचे वज्र चोरीस जाते, आळ पर्सीवर येतो आणि त्याचा शोध सुरू होतो. वाचनात मागे पडणारे मूल येथे कथेचा नायक आहे, ही गोष्ट वर्गातील अशा मुलांना अवश्य सांगावी.

कादंबरीतील शब्द अवघड असले तरी त्यांतील अनेकांच्या पोटी एकेक कथा आहे. पाठाची मांडणी पुढील क्रमाने करावी. प्रथम प्रसंग मराठीत थोडक्यात सांगावा. शाळेत पुस्तकाची एकच प्रत असल्यास मूळ उताऱ्यातील चार ओळी फळ्यावर लिहून वाचून दाखवाव्यात. नंतर कठीण शब्दाचा अर्थ मुलांनाच तर्काने सांगू द्यावा. तर्क चुकला तरी हसू नये, कोणत्या खुणेवरून तो केला ते विचारावे. मग शब्दाची फोड करावी आणि शेवटी प्रत्येकाकडून त्या शब्दाचे स्वतःचे वाक्य करून घ्यावे. एका पाठात चार-पाच शब्द पुरेत. ज्यांच्यावाचून प्रसंग समजण्यास अडत नाही असे शब्द खुशाल सोडून द्यावेत.

फोड कशी करावी, याची काही उदाहरणे पाहू. कथेच्या आरंभीच पर्सीची गाठ बैलाचे डोके असलेल्या मिनोटॉरशी पडते. मिनॉस हा क्रीट बेटाचा राजा आणि ‘टॉरोस’ म्हणजे बैल. मिनॉसचा बैल तो मिनोटॉर. षष्ठी तत्पुरुष शिकलेल्या मुलांना हा शब्द परका वाटणार नाही. जखमी पर्सीला अँब्रोशिया हे देवांचे अन्न देतात. त्यातील ‘अ’ नकारार्थी असून पुढील भाग मर्त्य या अर्थाचा आहे. आपल्या ‘अमृत’ शब्दाची घडण अशीच आहे आणि दोहोंचे मूळही एकच आहे. मेड्युसाच्या दृष्टीस दृष्टी भिडताच माणसाचा दगड होतो. तो प्रसंग झाल्यावर ‘पेट्रिफाय’ हा शब्द द्यावा. ‘पेट्रा’ म्हणजे खडक. पेट्रोलियम हे खडकातून निघणारे तेल, हे सांगताच पंपावरचे पेट्रोल मुलांना आठवेल. मालिकेच्या २००६ मधील दुसऱ्या पुस्तकात एकाक्ष सायक्लॉप्स येतो. त्यातील ‘किक्लोस’ म्हणजे चाक; आपली सायकल त्याच शब्दापासून आलेली आणि संस्कृत ‘चक्र’ त्याचे सगोत्र.

येथे एक सावधगिरी हवी. सारखे वाटणारे सर्वच शब्द एका कुळातले नसतात. ग्रीक ‘थिऑस’ व संस्कृत ‘देव’ यांचा अर्थ एक आणि ध्वनीही जवळचा. तथापि भाषाशास्त्राप्रमाणे त्यांची मुळे भिन्न आहेत. उलट ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केंट्रॉन’वरून ज्योतिषशास्त्राच्या द्वारे संस्कृतात आला, तो सगोत्र नसून उसना आहे. म्हणून कोशात पाहिल्याशिवाय व्युत्पत्ती सांगू नये.

याच कादंबरीत प्रोक्रस्टीस नावाचा दुष्ट भेटतो. पाहुणा पलंगाहून आखूड असला तर तो त्याला ताणतो, लांब असला तर कापतो. सर्वांना एकाच मापात बळाने बसवणाऱ्या नियमाला इंग्रजीत त्याच्या नावावरून ‘प्रोक्रस्टियन’ म्हणतात. वर्गातील प्रत्येक मुलाला एकच यादी एकाच मुदतीत पाठ करावयास लावणे हाही तोच पलंग होय. कोणी आठवड्यात वीस शब्द आत्मसात करील, कोणी सहा. ज्याचे सहा पक्के झाले त्याला सातवा द्यावा.

उजळणी आठ दिवसांनी घ्यावी. त्या वेळी ‘या शब्दाचा अर्थ काय?’ असे न विचारता ‘हा शब्द कोणत्या प्रसंगी भेटला?’ असे विचारावे. ज्याला प्रसंग आठवतो त्याला अर्थही बहुधा आठवतो. आणि ज्याला आठवत नाही त्याला शिक्षा न करता ती गोष्ट पुन्हा एकदा सांगावी.